हलकंफुलकं

१९ जून

भेंडी आज चौथ्यांदा फसली. पुसून कोरडी केली, उभी चिरली, बिया काढल्या, तासभर फडक्यावर पसरली आणि मग ओव्हनमध्ये मंद आचेवर ठेवली. काढली तेव्हा चांगली वाजत होती. चहा होईपर्यंत सादळली. वातड, दाताला चिकटणारी. आत्यांनी (सासूबाईंना मी आत्याच म्हणते) एक तुकडा चावून बघितला आणि उरलेलं ताट दारातल्या कुत्र्यापुढे ठेवलं. कुत्र्यानेही हुंगून सोडलं.

हा सगळा खटाटोप संस्कृतीसाठी. सोमवारी शाळा सुरू झाली, ती दहावीत गेली. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मम्मी, छोट्या सुट्टीच्या डब्यात तळलेलं काही देऊ नको हां. चिवडा नको, शंकरपाळी नको. भाज्यांचंच काहीतरी कुरकुरीत कर ना." मला हसूच आलं. आजवर वडापावासाठी भांडणारी पोरगी स्वतःच्या तोंडाने भाज्या मागते. कुठल्या आईला नको वाटेल?

ही डायरी पतसंस्थेने जानेवारीत दिलेली, तशीच कोरी पडली होती. प्रमाण लिहून ठेवायला काढली. एकदा जमलं तर पुन्हा तसंच जमायला हवं.

२४ जून

जमलं! चूक अशी होती की मी गरम असतानाच डब्यात भरत होते आणि वाफ आतच राहत होती. आता लिहून ठेवते. चकत्या कागदासारख्या पातळ. कारल्याला मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवायचं, मग घट्ट पिळायचं. वरून तांदळाची पिठी भुरभुरायची. ओव्हनचं दार बोटभर उघडं ठेवायचं. बंद केल्यावर आतच पूर्ण गार होऊ द्यायचं, मगच डबा. बीट, कारलं, भेंडी, तिन्ही झालं. कारलं तर इतकं छान झालं की रणजितनी कंपनीतून आल्या आल्या उभ्यानेच मूठभर खाल्लं. (नवऱ्याला तोंडावर 'अहो'च म्हणते, पण डायरीत नाव लिहायला कोण अडवतंय.)

संस्कृतीने विचारलं, "तेल किती घातलंस?"

"दोन चमचे. सगळ्याला मिळून."

"एकच घातलं तर नाही का होणार?"

बारकाईने बघायला लागली आहे. उद्या एक घालून बघते.

३ जुलै

एका चमच्यातही होतं. आता संस्कृती म्हणते, नुसतं बोट फिरव.

दोन्ही डबे रोज साफ येतात, छोट्या सुट्टीचा आणि चपाती-भाजीचाही. मागच्या वर्षी अर्धी चपाती घडी घालून परत यायची. आता डबा उघडला की पुसून ठेवल्यासारखा. मला दिवसभर बरं वाटतं. काळजी एकच, दोन दिवस आभाळ आहे आणि कालचं बीट संध्याकाळपर्यंत मऊ पडलं. पावसाळाभर हे टिकणार कसं?

१२ जुलै

आत्यांशी वाजलं. मी कारली पिळत होते, त्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"पोरीचं मनगट बघितलंस का? बांगडी पार कोपरापतुर जाती."

"वाढतं वय आहे, आत्या. उंची वाढतीय."

"उंची वाढताना मानूस भुकेलं असतं. ही ताटावरनं लगीच उठती. आनि तू तिला ही वाळकी पानं घालतीस."

वाळकी पानं! आठवडा घालवला मी त्या पानांमागे. मी म्हटलं, "तुमच्या काळात नव्हतं म्हणून वाईट का?" त्यांनी दुपारी बसून शेंगदाण्याचे लाडू वळले आणि संस्कृतीच्या दप्तरात दोन ठेवले. तिने ते मलाच आणून दिले. "मम्मी, तू खा. दिवसभर राबतेस, जेवतही नाहीस नीट." मी दोन्ही खाल्ले. किती कळायला लागलंय तिला.

मे महिन्यात माझ्या माहेरी, वरकुट्याला, भावाच्या मुलीचं लग्न होतं. तेव्हा घागऱ्याची चेन लागेना म्हणून हिने रडून गोंधळ घातला होता. परवा तोच घागरा घालून बघितला तर कमरेला चांगला सैल. आरशासमोरून हलेना. मीही खूश झाले. खोटं कशाला लिहू?

२१ जुलै

आज एक नवलच झालं. बारामतीहून इंदिरा मॅडमचा फोन आला. त्यांची इरा संस्कृतीच्या वर्गात, एकाच बाकावर. मॅडम कॉलेजात शिकवतात, बोलणं एकदम स्वच्छ.

"अहो, तुमच्या त्या भाज्यांच्या चिप्स विकत मिळतील का? इराला वेड लागलंय. संस्कृती डबा उघडते आणि दोन मिनिटांत मुली तो फस्त करतात. ती बिचारी सगळ्यांना वाटत बसते!"

मी म्हटलं, "पहिल्यापासून तशीच आहे हो, वाटून खाणारी."

 बी.ए. झाल्यावर वीस वर्षांत मला कुणी काही करून मागितलं नव्हतं. रणजितना सांगितलं, ते म्हणाले, "कर की मग. भाजी घरचीच हाय." संध्याकाळी संस्कृतीने मला मिठीच मारली. "मम्मी, आपण दोघी मिळून करू!"

डब्यात मात्र आता जास्त भरायला हवं. सगळ्यांना वाटल्यावर तिला काय उरत असेल?

६ ऑगस्ट

गिऱ्हाइकांची चार घरं झाली, सगळी इंदिरा मॅडमच्या सोसायटीतली. आज संस्कृतीने नाव ठरवलं, 'हलकंफुलकं'. लेबलही तिनेच वहीत काढलं. भेंडीचं चित्र, खाली लिहिलं, 'तेल नावालाही नाही. खा आणि हलके राहा.' किती सुंदर अक्षर आहे तिचं.

शाळेतून आली की दप्तर टाकते आणि माझ्याशेजारी बसते. चकत्या पातळ करायला तिच्याइतका हात कुणाचा नाही. जाड झालेल्या बाजूला काढते, पाकिटं भरते, मीठ-आमचूर किती तेही तिला पाठ. बाजारातल्या वेफर्सच्या पाकिटांवरचं बारीक अक्षर वाचून दाखवते आणि म्हणते, "बघ मम्मी, लोक काय काय खातात." गेलं वर्षभर ती माझ्याशी धड बोलत नव्हती, खोलीचं दार बंद. आता तासन्‌तास शेजारी. देव पावला म्हणायचं.

चव मात्र मलाच घ्यायला लावते. म्हणते, वासानेच पोट भरतं. मला पटलं. मीही स्वयंपाक करून उठते तेव्हा भूक नसते.

१९ ऑगस्ट

 तीन दिवस झड लागली आहे. काल दिलेली पाकिटं सादळली. एका बाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि लिहिलं, 'हे कुरकुरीत म्हणे.' मी तो फोटो वीस वेळा बघितला. नाव खराब व्हायला किती वेळ लागतो? इंदिरा मॅडम म्हणाल्या, मनावर घेऊ नका. पण मी घेतलंय.

रणजितना गाडी काढायला लावली, सगळी पाकिटं परत आणली. आत्या ओसरीवरून बघत होत्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्या एवढंच म्हणाल्या, "संस्कृतीला दूध दिलं व्हतं, ती मोरीत वतून आली. म्या बघितलं."

मी चिडले. एवढं संकट समोर असताना यांना दुधाचं पडलंय. नासलं असेल म्हणून ओतलं असेल.

रात्रीच्या जेवणाला संस्कृती म्हणाली, अभ्यास आहे, खोलीत ताट दे. दिलं.

१ सप्टेंबर

गौरीजेवण. पुरणपोळ्या, सोळा भाज्या, भजी. माहेरचे आले होते, शेजारच्या भामाबाई मदतीला होत्या. संस्कृतीने एकटीने सगळ्यांना वाढलं. तूप वाढताना आग्रह करकरून दुसरी पोळी घालत होती. माझी वहिनी म्हणाली, "पोरगी असावी तर अशी." मग म्हणाली, "किती बारीक झालीस गं, हेवा वाटतो." संस्कृती लाजून हसली.

ती स्वतः कधी जेवली? भामाबाईंनी विचारलं तर म्हणाली, "मी सगळ्यात आधी बसले होते, तुमचं लक्ष नव्हतं." असेल. एवढ्या गडबडीत कुणाचं लक्ष होतं?

१६ सप्टेंबर

पाऊस उघडला आणि मला उपाय सापडला. भाजी आधी पंख्याखाली सुती कापडावर अर्धी वाळवायची, मग ओव्हन. आता पाकीट फोडलं तरी दुसऱ्या दिवसापर्यंत वाजतं. ज्यांनी फोटो टाकला होता त्या बाईंनीच पुन्हा मागितलं. मला रडू आलं.

संस्कृतीचं थोडं विचित्र वाटतं. भर दुपारी जॅकेट घालून बसते, हात गार. न्हाणीच्या जाळीत केसांचा गुंता सापडला, हातभर. पाळीही दोन महिने चुकली. मैत्रिणीच्या मुलीलाही दहावीच्या टेन्शनने असंच झालं होतं. कढीपत्त्याचं तेल करून देणार होते, तर म्हणाली, "तेल नको, मम्मी." डोक्याला लावायचं आहे गं, म्हटलं. तरीही नको.

परीक्षा झाली की डॉक्टरांना दाखवू.

२७ सप्टेंबर

संस्कृतीने नवरात्राचे नऊच्या नऊ उपवास धरलेत. आमच्या घरात उठता-बसता करतात, पहिला आणि शेवटचा दिवस. आत्या म्हणाल्या, "देवीला लेकरं उपाशी नगं असत्यात." ती म्हणाली, "आजी, श्रद्धा आहे माझी." आता श्रद्धेपुढे काय बोलणार? भगर केली, तर तिने दोन चमचे चिवडले आणि उरलेली झाकून ठेवली.

सकाळी गच्चीवर धपधप आवाज येतो. उड्या मारते. म्हणते, अभ्यासाला तरतरी येते. मला आवडलेलं नाही. पण बोलले तर दार पुन्हा बंद होईल आणि ती माझ्याशेजारी बसायची थांबेल. मला त्याचीच भीती वाटते, हे इथेच लिहिते, कुणाला सांगणार नाही.

८ ऑक्टोबर

दिवाळीची मोठी ऑर्डर! इंदिरा मॅडमच्या सोसायटीतल्या सगळ्या बायकांनी फराळाच्या डब्यात आमचा एक पुडा ठेवायचं ठरवलं. वसुबारसेच्या आदल्या दिवशी द्यायचं. ओव्हन लहान, वीज कधी जाईल सांगता येत नाही, लाल भोपळ्याच्या चकत्या अजून मनासारख्या होत नाहीत. काल स्वप्न पडलं की मी डबे उघडतेय आणि प्रत्येकात चिखल.

आज जेवताना रणजित अचानक म्हणाले, "स्वप्नाली, पोरगी आपल्यासंगं जेवायला शेवटची कवा बसली?"

मला आठवेना. खरंच आठवेना. गौरी? नाही, तेव्हा ती वाढत होती. राखीला? तेव्हा पोट दुखत होतं.

मी म्हटलं, "शाळेत जेवते की. डबा रोज रिकामा येतो."

ते ताट सारून उठले. त्यांचं ते उठणं मला खुपलं. मी उठून तिच्या खोलीत गेले आणि सरळ विचारलं, "तू जेवतेस ना गं?"

तिने पुस्तकातून मान वर केली नाही. "रोज जेवते. डबा बघत नाहीस का?"

बघते. रोज बघते. 

१५ ऑक्टोबर

काल सहामाहीच्या पेपरला संस्कृती वर्गात कोसळली.

शाळेतून फोन आला तेव्हा माझा हात बिटाने लाल होता. तसाच घेऊन गेले. दवाखान्यात नर्सला वाटलं मलाच लागलंय. आमच्या कन्हेरी गावाहून बारामती अशी कितीशी लांब, पण रस्ता सरता सरेना.

तिच्या अंगातलं जॅकेट नर्सने काढलं. मी तिला कित्येक आठवड्यांत उघड्या हातांनी बघितलं नव्हतं. घरात राहते माझ्या. माझ्याशेजारी बसते. मी हात बघितले ते फक्त सुरी धरलेले.

डॉक्टर मॅडम वयाने माझ्याएवढ्याच. नाडी खूप मंद आहे म्हणाल्या, ॲडमिट करावं लागेल. मग मला बाहेर बोलावलं.

"घरात काय काय खाते ती?"

मी सांगायला लागले. सकाळी दूध. मग आठवलं, मोरी. चपाती-भाजीचा डबा. भाज्यांच्या चिप्स. रात्री खोलीत ताट.

"तुम्ही स्वतः खाताना बघितलंय?"



१६ ऑक्टोबर

इंदिरा मॅडम इराला घेऊन आल्या. मी ऑर्डरचं बोलायला लागले, शब्द दिला होता मी. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "ऑर्डर गेली खड्ड्यात. इराला तुम्हाला काही सांगायचंय."

इरा रडत होती. "काकू, ती कधीच खायची नाही. चिप्स आम्हालाच द्यायची. चपाती-भाजीसुद्धा. म्हणायची, मी घरून पोटभर जेवून आलेय. कधीकधी उरलेलं टाकून डबा धुऊनच घरी न्यायची, तुम्हाला कळू नये म्हणून. मी मागे एकदा टीचरना सांगणार होते, तर तिने शपथ घातली."

मी तिला म्हटलं, तुझी काही चूक नाही, बाळा. ती लहान आहे. मी तर बेचाळीस वर्षांची.

जुलैत मॅडमनी हेच फोनवर सांगितलं होतं. ती सगळ्यांना वाटत बसते म्हणून. आणि मी इथे आनंदाने लिहून ठेवलंय. मागची पानं उलटून बघितली. सगळं लिहिलंय. मनगट, दूध, केस, पाळी. एकही गोष्ट माझ्यापासून लपलेली नव्हती.

१७ ऑक्टोबर

डॉक्टर मॅडमनी आज आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. हा आजार आहे. हट्ट नाही, नखरे नाहीत, सिनेमाचं खूळ नाही. खाण्याची भीती बसते आणि ती भीतीच पोरीच्या डोक्यात बसून बोलते. सलाईनने अंगात ताकद येईल, पण भीती जायला वेळ लागेल. महिने, कदाचित वर्षं. मनाच्या डॉक्टरकडेही न्यावं लागेल, पुण्याला. घरात वजन, जाड-बारीक, तेल-तूप असल्या गोष्टी बोलायच्या नाहीत.

रणजितनी विचारलं, "मॅडम, आमचं काय चुकलं?"

"चूक शोधत बसू नका," त्या म्हणाल्या. "एका कारणाने होत नाही हे."

त्यांनी तसं सांगितलं, पण मला एक कारण ठाऊक आहे. वरकुट्याच्या लग्नात, पंगतीत, सगळ्या बायकांसमोर मी हिला म्हटलं होतं, "घे अजून एक जिलेबी, चेन तशीही लागत नाही." सगळ्या हसल्या. मीही हसले. ती ताटावरून उठली. मला वाटलं, हात धुवायला गेली.

आज तिला विचारलं, "त्या दिवशीचं लागलं का गं तुला?"

 "तेवढंच नाही, मम्मी. पण तेही."

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. कालच घरी सोडलं. पणत्या आत्यांनी लावल्या. तिच्या वहीवरून ऑर्डरसाठी छापून आणलेली सगळी लेबलं मी दुपारी बसून फाडली. संस्कृतीने दारातून बघितलं. "माझं अक्षर होतं त्यावर," म्हणाली आणि आत गेली. फाडायच्या आधी तिला विचारायला हवं होतं. मला काहीच धड करता येत नाही.

आत्यांनी एकदाही 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही. मी आठवडाभर त्याची वाट बघत होते. शेवटी मीच म्हटलं, "आत्या, तुम्हाला पहिल्यांदा कळलं. मी ऐकलं नाही."

त्या वाती वळत होत्या. "मला काय कळलं व्हतं? मला वाटलं, पोरीला जंत झाल्यात." मग म्हणाल्या, "आता तू जेव. कालपास्नं तूबी न्हाय जेवली."

६ नोव्हेंबर

दिवसातून सहा वेळा खाणं. कागद भिंतीवर लावलाय. शेजारी कुणीतरी बसायचं, दुसरंच काहीतरी बोलायचं, अर्धा तास. सकाळी मी, दुपारी आत्या, संध्याकाळी रणजित. त्यांनी शिफ्ट बदलून घेतली.

सगळ्यात वाईट वेळ माझी असते. माझ्यासमोर तिचा हात थांबतो. एक शिऱ्याचा घास तिने वीस मिनिटं वाटीत फिरवला, शेवटी वाटी भिरकावली. "तूच विकायचीस ना, तेल नावालाही नाही म्हणून! आता तूच भरवतेस! खोटारडी आहेस तू!" भिंतीवर शिरा चिकटला. मी म्हटलं, "हो, चुकलं माझं." पुण्याच्या समुपदेशक ताईंनी शिकवलंय की भांडायचं नाही. दुसरी वाटी आणली. 

आत्यांसमोर मात्र खाते. त्या तिला वरकुट्याच्या बाजूची, सांगवीची, कुणाकुणाची भांडणं सांगत बसतात आणि ताटाकडे बघतच नाहीत. ते मला का जमत नाही?

१९ नोव्हेंबर

भामाबाई आल्या होत्या. म्हणाल्या, "तुमचा त्यो ओव्हन नुसता पडलाय. बायका मला इचारत्यात." मी म्हटलं, घेऊन जा. कृती लिहून दिली, या डायरीतून उतरवून. फक्त एक सांगितलं, तेल मोजू नका, चव लागेल तेवढं घाला. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

ओव्हन गेला त्या जागी ओट्यावर चौकोनी डाग राहिलाय. घासला, जात नाही. मला मोकळं वाटायला हवं होतं. वाटलं थोडं. पण लेक शेजारी बसायची ती त्या चकत्यांसाठी. आता कशासाठी बसेल?

२ डिसेंबर

मागच्या आठवड्यात पुण्याहून येताना तसेच पुढे वरकुट्याला गेलो, भावाला भेटायला. वहिनी दारातच म्हणाली, "अगंबाई, जरा अंग धरलंस की! छान दिसतेस." भल्या मनाने म्हणाली. गाडीत संस्कृतीने दोन्ही हातांनी पोट दाबून धरलं होतं. त्या दिवशी तिने काहीही खाल्लं नाही आणि दुसऱ्या दिवशीही. वजनाचा आकडा तिला दाखवत नाहीत, पण मला दाखवतात. खाली आला होता. दीड महिन्याचं दोन दिवसांत गेलं असं वाटलं. रणजित मागच्या दारात उभे राहून रडले. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना बघितलं.

मी वहिनीला फोन करून स्पष्ट सांगितलं. ती दुखावली. दुखावू दे.

१४ डिसेंबर

आज रविवार. दुपारी आत्या शेजारच्या घरी बारशाला गेल्या होत्या, म्हणून माझी पाळी. वांग्याची भाजी, एक चपाती, वाटीभर दही. मी ताटाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि शेंगा सोलत बसले. गणिताच्या सरांबद्दल विचारलं. ती सांगत होती. मध्येच थांबली तरी मी मान वर केली नाही. अर्ध्या तासाने ती उठली, ताट उचललं, मोरीकडे गेली.  जमलं मला, असं वाटलं.

ती मोरीपासून परत आली. दारात उभी राहिली, ओढणी बोटाला गुंडाळत.

"मम्मी."

"काय गं?"

"अर्धी चपाती माझ्या खिशात आहे."

मी शेंगा खाली ठेवल्या. ती माझ्याकडे बघत नव्हती. कुडत्याच्या खिशातून कागदात गुंडाळलेली चपाती काढली आणि माझ्यासमोर, सालांच्या ढिगाशेजारी ठेवली. कुणी विचारलं नव्हतं. मला कळलंही नसतं.

"आता खायला नाही जमणार मला," ती म्हणाली. "पण सांगावंसं वाटलं."

 पुण्याच्या ताईंनी याचं काही शिकवलेलं नाही. मी म्हटलं, "बरं केलंस सांगितलंस."  ती माझ्याशेजारी जमिनीवर बसली, मूठभर शेंगा पुढे ओढल्या आणि सोलायला लागली. सोललेले दाणे सगळे माझ्या परातीत टाकत होती, तोंडात एकही नाही. मी बघितलं. यावेळी बघितलं.

चारचं खाणं अजून बाकी आहे. ताक आणि थालीपीठ.